जुनं ग्राइंडर भट्टीतच जाऊ द्यायचं का?

शेडमधला मास्तर, जालना

गेल्या आठवड्यात चिकलठाण्याच्या एका टूलरूमवाल्यांनी (डाय-हत्यारं बनवणाऱ्या शॉपवाल्यांनी) इथं लिहिलं होतं: "हौशी लोकांनी भंगारातली ग्राइंडिंग मशीन उचलून, रंग मारून फोटो टाकणं बंद करावं. झिजलेला बेड (टेबल ज्यावर सरकतं तो खालचा भाग) घरी सरळ होत नसतो. ते लोखंड भट्टीतच जाऊ द्या." चार दिवस गप्प बसलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

माझं सरफेस ग्राइंडर (जॉब घासून सपाट करायचं मशीन) खरंच भट्टीच्या रांगेत होतं. जालन्यात भंगार स्टीलच्या भट्ट्यांत जातं ते मी कुणाला सांगायला नको. कास्टिंगच्या भावात, ४० रुपये किलोनं, ६४० किलो तोलून आणलं. प्रागा कंपनीचं, हातानं चालवायचं, १८ बाय ६ इंचाचं टेबल. प्रागा १९४३ ला सिकंदराबादेत निघाली तेव्हा सिकंदराबाद आणि जालना एकाच, निजामाच्या, राज्यात होते. आपल्याच मुलखातलं मशीन वितळताना बघणं मला जमलं नाही.

आणि रंगाचं म्हणाल तर अजून ब्रश हातात घेतलेला नाही. आधी टेबल उचललं. खाली टेबल सरकायच्या व्ही आकाराच्या खाचेत वाळलेलं कूलंट (थंडाव्याचं पाणी) आणि व्हीलची (घासायच्या दगडी चाकाची) बुकी मिळून खापरासारखा थर बसलेला. तेलाच्या नळ्या बुजलेल्या, म्हणजे कित्येक वर्षं ते कोरडंच सरकत होतं. बेड मधोमध ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खोल गेलेला आणि दोन्ही टोकांना जुन्या स्क्रेपिंगच्या खुणा जशाच्या तशा. लहान जॉब सगळे मधेच घासतात, तिथंच झीज होणार. पाच महिने दर रविवारी पट्टीला निळा रंग लावून बेडवर टेकवतोय आणि जिथं निळं लागतं तो उंचवटा स्क्रेपरनं खरवडतोय. आता २५ मिलिमीटरच्या चौकोनात चौदा-पंधरा पॉइंट, म्हणजे निळं लागलेले ठिपके, यायलेत. याला कुणी रंगरंगोटी म्हणू नये.

टूलरूम चिकलठाणा

ते मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणतो. मास्तर, पॉइंट मोजलेत, पण तुमची स्ट्रेट एज (सरळ पट्टी) कुणी तपासली? वाकड्या पट्टीला निळं लावून घासलं की बेडही तिच्यासारखाच वाकडा होतो, आणि पॉइंट मात्र झकास येतात. माझ्याकडं डायचं काम ५ मायक्रॉनमध्ये मागतात. तिथं "मला वाटतं सरळ झालं" चालत नाही.

राग कशाचा येतो तेही सांगतो. १९९८ ला मी एका शॉपमध्ये शिकाऊ होतो. मालकानं असंच एक जुनं ग्राइंडर आणलं, सोबत ओलीत पडलेली चार व्हीलं फुकट मिळाली. व्हील न तपासता चढवलं, गार्ड काढून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी फुटलं. एक तुकडा पत्रा फाडून वर गेला, दुसऱ्यानं माझ्या शेजारच्या पोराचा उजवा डोळा नेला. तो बावीस वर्षांचा होता. तेव्हापासून हौस आणि ग्राइंडर हे दोन शब्द एका ओळीत दिसले की माझं टाळकं सरकतं.

निवृत्त फिटर, नांदेड

तुमचा राग खरा आहे, पण तो मालकाच्या निष्काळजीपणावर काढा, जुन्या मशीनवर नको. नवीन मशीनवर तडकलेलं व्हील चढवलं असतं तरी ते फुटलंच असतं. माठ घेताना बायका टिचकी मारून आवाज ऐकतात ना, तसं व्हील बोटावर तोलून स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर तिथंच हातोड्यानं फोडायचं, म्हणजे उद्या दुसरं कुणी ते चढवणार नाही. आम्हाला हे पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

स्ट्रेट एजचा प्रश्न मात्र बरोबर विचारलात. त्याला जुनी रीत आहे: तीन प्लेटा. दोनच एकमेकींवर घासल्या तर एक खोलगट आणि दुसरी फुगीर होऊन छान जमतात आणि माणूस फसतो. तिसरी आणून आळीपाळीनं तिन्ही घासल्या की खोट लपायला जागाच उरत नाही. निळं मिळायचं नाही तेव्हा आम्ही शेंदूर तेलात कालवून लावायचो. मास्तर, तुम्ही तो लावू नका, त्यात शिसं असतं. माझ्या साहेबांनी एका बेडवर मला तीन महिने बसवलं होतं, मनगट सुजून घागर उचलवत नव्हती.

वाळूज सीएनसी

काका, आदर ठेवून सांगतो, पण ही कला आता कुणाच्या पोटाला घालायली? मी दहा वर्षं वाळूजमध्ये आहे. बेड बिघडला की तो मोठ्या ग्राइंडिंग मशीनवर घासायला पाठवतात, नाहीतर मशीन बदलतात. पाच महिन्यांचे रविवार मास्तरांनी ट्यूशन घेतली असती तर अर्धं नवीन मशीन आलं असतं.

आयटीआय इन्स्ट्रक्टर

भाऊ, ज्या मोठ्या मशीनवर बेड घासायला पाठवता, तिचा बेड कुणी सरळ केला? अचूक मशीनच्या मुळाशी कुठंतरी स्क्रेपरवाला हात असतोच. मी फिटर ट्रेड शिकवते. पोरं पहिल्या वर्षी फायलिंगला कंटाळतात, "मॅडम, सीएनसी कधी?" हाच प्रश्न. पण चौकोनी ठोकळ्याच्या सहा बाजू काटकोनात आणल्याशिवाय १० मायक्रॉन म्हणजे किती हे बोटाला कळत नाही. मास्तरांच्या शेडमध्ये माझी चार पोरं एक रविवार जरी बसली तरी मी त्याला शिकणंच म्हणेन.

बाकी मास्तर, एक विचारते. घरी थ्री फेज आहे का? मशीन फिरवणार कशावर?

शेडमधला मास्तर, जालना

मॅडम, पोरांना खुशाल पाठवा. घरी सिंगल फेज आहे. व्हीएफडी (सिंगल फेजचं थ्री फेज करून मोटरचा वेग बदलणारा डबा) आणलाय, अजून जोडला नाही. १ एचपीची मोटर, प्लेटवर ४१५ व्होल्ट स्टार (वाइंडिंग जोडायची एक रीत) लिहिलंय.

परभणीचा शेतकरी

घरी कशाला, शेतात शेड टाका ना. पंपाचं थ्री फेज कनेक्शन असतंच. माझं वेल्डिंग त्याच्यावरच चालतंय. फक्त लाइट कवा येईल त्याचा नेम नाही, रातच्या पाळीला तर दोन वाजता उठून जावं लागतंय.

वायरमन लातूर

असला सल्ला देऊ नका. शेतीच्या कनेक्शनवर दुसरं काम म्हणजे वीज कायदा २००३, कलम १२६. पकडलं तर दुप्पट दरानं बिल लावतात, आणि कधीपासून चालू होतं ते ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांचं धरतात. मास्तरांची नोकरी आहे, त्यांना या भानगडीत का पाडायलात?

परभणीचा शेतकरी

कलम मला नका शिकवू. इचवा-काट्यात, थंडीत, रातच्या दोनला मोटार चालू करायला मी जातो, तुम्ही नाही. ज्वारीला पाणी देताना माझ्या सख्ख्या चुलत्याला साप चावला. वावरातला मोडका कोळपा मी तिथंच जोडला तर कोणाचं काय गेलं? तालुक्याला न्यायचा म्हणलं की दिवस मोडतो, वाफसा निघून जातो. दिवसा लाइट द्या, मग कलमं सांगा.

वायरमन लातूर

दादा, चुलत्यांचं ऐकून वाईट वाटलं, आणि दिवसा लाइट मिळालीच पाहिजे यात वादच नाही. मी बी शेतकऱ्याच्याच घरचा आहे. पण सतरा वर्षं मोटारींचं वाइंडिंग भरतोय, सिंगल फेजिंगनं (तीनपैकी एक फेज गेल्यानं) जळालेल्या किती आल्या त्याचा हिशेब नाही. ग्राइंडरची मोटर जळाली तर तिच्या जागी दुसरी घावत नाही, काहींचा स्पिंडल (व्हील बसवायचा दांडा) मोटरचाच असतो.

परभणीचा शेतकरी

हे मान्य. डीपी दुरुस्त करून गेले की फेज उलटे लागतात, पंप उलटा फिरतो, हे तर दर वर्षाचं आहे.

टूलरूम चिकलठाणा

मास्तर, हे शेवटचं वाक्य नीट वाचा. पंप उलटा फिरला तर पाणी येत नाही. ग्राइंडर उलटा फिरला तर व्हीलचा नट सैल होऊ शकतो. व्हील चढवायच्या आधी रिकामी मोटर फिरवून दिशा बघा.

तुम्ही विजेवर भांडून घेतलं, पण मुद्द्याचं कुणीच विचारलं नाही. व्हीएफडीवर कमाल किती हर्ट्झ ठेवणार? आपली लाइट ५० ची, हर्ट्झ वाढवले की मोटर जोरात फिरते.

शेडमधला मास्तर, जालना

६० पर्यंत नेता येतं म्हणून दुकानदारानं सांगितलं. फिनिश चांगली येईल असं वाटलं होतं.

टूलरूम चिकलठाणा

वाटलं होतं! २०० मिलिमीटरचं व्हील २८०० आरपीएमला सेकंदाला २९ मीटरनं पळतं. ६० हर्ट्झला ३३६० आरपीएम होतात, म्हणजे ३५ मीटर. आता व्हीलवरचा कागद वाचा, कमाल वेग ३३ मीटर लिहिलेला असेल. पाच महिने मायक्रॉन मायक्रॉन घासून शेवटी नॉबच्या एका पिळात तुम्ही व्हील मर्यादेबाहेर पळवलं असतं. मी भट्टीत घाला म्हणतो ते ह्याच्यासाठी.

वायरमन लातूर

हे बरोबर आहे. मास्तर, कमाल ५० वर लॉक करा. आणि मोटर स्टारमध्ये ठेवून व्हीएफडीला जोडू नका. २३० तून २३० च निघतात, स्टारमध्ये वाइंडिंगला १३३ च मिळतील, दम लागणार नाही. डेल्टा करावं लागेल, त्या जोडणीत वाइंडिंगला पूर्ण २३० मिळतात. मोटरच्या डब्यात तीनच वायरी असतील तर स्टार पॉइंट आत बांधलेला आहे. तो सोडवून सहा बाहेर काढायच्या. लातूरला पाठवा, फक्त वार्निशचे पैसे घेईन.

शेडमधला मास्तर, जालना

तीनच आहेत. पाठवतो.

हर्ट्झचं मला माहीत नव्हतं. दोन दिवस हे लिहायला हात धजला नाही, पण चूक माझी होती. व्हीलवरच्या कागदावर ३३ च आहे, आत्ता बघितलं. पण टूलरूमवाले, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी ५० केलं असतं. तुम्ही मशीन वितळवायला सांगितलं. वितळवलेल्या मशीनवरून कुणी काही शिकत नाही.

निवृत्त फिटर, नांदेड

मास्तर, चक (जॉब धरून ठेवणारी चुंबकाची पाटी) कधी घासणार? सगळं जुळल्यावर, चकमध्ये करंट चालू ठेवून, त्याच मशीनवर, ५ मायक्रॉनच्या वर कट द्यायचा नाही. तोवर त्याला हात लावू नका.

टूलरूम चिकलठाणा

तीन प्लेटांचं काकांचं म्हणणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण मास्तरांकडं तीन प्लेटा नाहीत, एक पट्टी आहे, आणि ती कुठून आली हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही. माझ्याकडं तपासलेली स्ट्रेट एज आहे आणि मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी मास्टर लेव्हल आहे. पुढच्या रविवारी सकाळी जालन्याला येतो. बेड वाकडा निघाला तर तसंच इथं लिहीन.

शेडमधला मास्तर, जालना

पट्टी त्याच भंगारातली आहे. या. बेड रॉकेलनं पुसून ठेवतो. व्हील कपाटात आहे, टिचकी तुम्हीच मारा.