गाडी उभी असते तेव्हा : नागपूरच्या ट्रकवाल्यांचे अनुभव

माझ्या बाबांनी आयुष्यभर ट्रक चालवला. नागपूरलगतच्या वाडीतल्या आमच्या गल्लीत घरटी कोणी ना कोणी ड्रायव्हर, मिस्त्री, टायरवाला नाहीतर हमाल आहे. श्रीनगर-कन्याकुमारीचा ४४ आणि सुरतकडून रायपूर-संबलपूरकडे जाणारा ५३, हे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. त्यामुळे चारही दिशांच्या गाड्या आपल्या गावावरून जातात. ड्रायव्हर भेटला की लोक अपघातांचं विचारतात, ढाब्यांचं विचारतात. बाबा घरी येऊन सांगायचे त्यात मात्र निम्मं तरी थांबण्याचंच असायचं. वजनकाट्यावर थांबलो, गेटवर थांबलो, नो एन्ट्री सुटायची होती, बिल्टी (मालाची पावती) आली नव्हती. या थांबण्याचे पैसे ड्रायव्हरच्या हातात येत नाहीत आणि तो वेळ घरालाही मिळत नाही. गाडी उभी असते तेव्हा काय होतं, ते तुम्ही सगळ्यांनी या धाग्यावर लिहा. घरच्यांनीही लिहा. कंपन्यांची आणि माणसांची नावं तेवढी घेऊ नका.

चौदा चक्क्याचा ड्रायव्हर, वाडी

ताई, बरं झालं विचारलं. मी चंद्रपूरकडून सिमेंट आणतो, रायपूरकडून लोखंड. चालवायचा थकवा झोपेनं जातो. लाइनीत उभं राहायचा जात नाही, कारण तिथे झोपच मिळत नाही. कारखान्याच्या गेटबाहेर लाइन लागलेली असते. पुढची गाडी आत गेली की मागच्या सगळ्यांनी एकेक गाडीभर पुढे सरकायचं. दुपारी, रात्री अडीचला, पहाटे, केव्हाही. सरकला नाहीत तर मागचा बाजूनं घुसतो आणि नंबर जातो. डोळा लागतो न लागतो तोच केबिनच्या दारावर थाप पडते, "उस्ताद, सरकवा!" अशी रात्र काढून सकाळी गाडी खाली झाली की मालकाचा फोन येतो, "लगेच निघा, दुसरा लोड तयार आहे." त्याच्या हिशेबात मी रात्रभर आराम केलेला असतो.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असं लिहिलं होतं. लाइनीतले तास कामात धरणारा मालक मला अजून भेटलेला नाही.

संडास आणि पाणी गेटच्या आत. गाडी आत गेल्याशिवाय ड्रायव्हरला आत सोडत नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या केबिनमध्ये बसवत नाही, म्हणून पोरं गाडीखाली सावलीत चटई टाकतात. मी कोणालाच तिथे झोपू देत नाही. लाइन सरकली की झोपेतून उठलेला माणूस खाली न बघता स्टार्टर मारतो. नवीन पोरांनो, एवढं तरी ऐका.

ड्रायव्हरची बायको, कळमना

कळमन्याहून कापसी किती दूर? ऑटोनं अर्धा तासही लागत नाही. आमचे हे कोलकात्याहून येऊन कापसीच्या गोदामासमोर उभे होते. शनिवारी संध्याकाळी गाडी लागली, हमाल सोमवारी येणार. घर एवढं जवळ असून त्यांना येता येईना. गाडी सोडली की डिझेल काढतात, बॅटरी नेतात, ताडपत्री फाडून माल ओढतात आणि भरपाई ड्रायव्हरच्या पगारातून होते. किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, सोबत असता तर रात्रीपुरते आले असते, पण आता मालक किन्नर देत नाहीत.

मग मी डबा केला आणि मुलांना घेऊन गेले. मुलीची परीक्षा होती, ती केबिनमधल्या बर्थवर बसून वाचत राहिली. लहान्यानं स्टेअरिंग सोडलं नाही. ते कोलकात्यात असतात तेव्हा मुलं काही म्हणत नाहीत. जवळ आल्यावरही बाबा घरी का येत नाहीत, हे त्यांना समजावता येत नाही. गोदामाबाहेर रात्रीचा एक चौकीदार ठेवला आणि गाड्यांची जबाबदारी घेतली, तर किती घरांत माणूस जेवायला येईल!

संत्र्याची गाडी, वरूड

वहिनी, तुमी म्हनता ते खरं हाये. आमचं दुखनं जरा वेगळं हाये. आमच्या गाडीले उभं राहनं परवडतच नाही. आंबिया बहार दिवाळीच्या आगंमागं, मृगाचा फेब्रुवारी-मार्चात. वरूड-काटोलचा माल कळमन्याच्या मंडीत येते, मंग सिवनी, सागर, झाशी, आग्रा करत दिल्ली. संत्रं झाडावरून तुटलं तरी श्वास घेत राह्यते, गरमी सोडते. ताडपत्री गच्च बांधली का खालचा थर घामेजते. एक सडलं का बाजूचे चार सडते. म्हनून खाली अन् बाजूनं तणीस, वरतून ताडपत्री, पन बाजूनं हवा खेळली पाह्यजे. गाडी चालू असली का हवा आपोआप लागते. जाममध्ये फसली का संपलं.

एका पावसाळी रात्री सागरच्या पुढं पूल बंद होता. पानी थांबलं का ताडपत्री उघडाची, थेंब आला का लावाची, सारी रात हेच. बाजूच्या गाडीवाल्यानं न सांगता दुसरं टोक धरलं. त्याच्या गाडीत मशिनी होत्या, त्याले काही घाई नव्हती. मंडीत बोली सकाळी लागते. उशिरा पोचलेला माल दुसऱ्या दिवशी विकते, तो बी उतरून. भाड्यातून कापते ते कापते, पन चिठ्ठीवर शेतकऱ्याचं नाव राह्यते. सालभर बाग राखली त्यानं. त्याचं काय होईल हे मले गाडी चालवताना दिसत राह्यते.

ट्रान्सपोर्ट ऑफिसातला मुनशी, वर्धमाननगर

गाडी अडकली की आम्हाला लगेच कळवा, ही विनंती. ई-वे बिल म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना, त्याची मुदत अंतरावर असते. सध्या साधारण २०० किलोमीटरला एक दिवस धरतात, २०२१ च्या आधी १०० ला एक होता. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत कारण देऊन ती वाढवता येते. ती वेळ गेली आणि रस्त्यात तपासणी झाली तर दंड लागतो आणि गाडी पुन्हा उभी. रात्री दोनलाही फोन करा. उचलणं आमचं काम आहे.

धागा सुरू करणारी

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. नवी गाडी मिळालेलं इथे कोणी आहे का? लाइनीत फरक पडतो का?

बारा चक्का, बुटीबोरी

चालताना खूप फरक पडतो, डोकं शांत राहतं. लाइनीत नाही. इंजिन बंद केलं की एसी बंद, आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवलं तर मालक डिझेलचा हिशेब विचारतो. लाइनीतल्या एसीचं डिझेल भत्त्याव्यतिरिक्त धरायला हवं. तेवढं झालं तर त्या नियमाचा पुरता उपयोग होईल.

समृद्धीवर चालवणारा, हिंगणा

माझं उलटं आहे, थांबायचं असतं तेव्हा थांबता येत नाही. समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ ला नागपूरहून शिर्डीपर्यंत ५२० किलोमीटर सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ पूर्ण झाला. रस्ता उत्तम आहे, माझे दोन हप्ते त्याच्यामुळे वेळेवर जातात. पण जुन्या रस्त्यानं जाताना कोंढाळी, तळेगाव, मूर्तिजापूर, कुठेही डोळे जड झाले की चहाची टपरी होती, दोन शब्द बोलायला माणूस होतं. इथे ८० च्या वेगात सरळ रस्ता, एकच आवाज, आणि झोप आली की पुढची जागा येईपर्यंत ओढत न्यायचं. कडेला उभं राहावं तर मागून कोणी येऊन धडकेल याची भीती. मी शिवमडक्याला, म्हणजे नागपूरच्या टोकाला, समृद्धीवर चढण्याआधी टायरची हवा बघतो, पोटभर जेवत नाही आणि तासभर झोपूनच निघतो. ट्रकसाठी उभं राहायच्या जागा वाढवा, एवढंच मागणं आहे.

निवृत्त ड्रायव्हर, कामठी

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा मी हैदराबाद रोडवर वडनेरच्या अलीकडे होतो. गाडीत रंगाचे डबे. ते ज्या दुकानात द्यायचे ते बंद, गोदामाला कुलूप, मालकाचा फोन लागेना. ढाबे बंद. गावातल्या एका म्हाताऱ्या बाईनं ज्वारीची भाकर आणि पिठलं पाठवलं, आणि मग रोज कोणाच्या ना कोणाच्या घरून येत राहिलं. रस्त्यानं माणसं चालत होती, डोक्यावर बोजे, कडेवर पोरं, हैदराबादेहून मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशकडे. माझ्या गाडीच्या सावलीत बसायची. माझ्याजवळ पाण्याची कॅन होती आणि गावच्या विहिरीला पाणी होतं, ते भरून देत होतो. आयुष्यात किती वेळा गाडी उभी राहिली असेल, पण त्या उभ्या गाडीचा कोणाला उपयोग झाला तो तेवढ्याच वेळी.

चौदा चक्क्याचा ड्रायव्हर, वाडी

एक चांगलं सांगायचं राहिलं. आपल्याच भागात एका कारखान्यात आता गेटवर मोबाइल नंबर लिहून घेतात आणि टोकन देतात. गाडी बाजूच्या मैदानात लावायची. शेड आहे, नळ आहे, संडास आहे. रात्री आठला टोकन घेतलं, पहाटे चारला फोन आला, "गाडी आणा." मधल्या वेळात कोणी दार वाजवलं नाही. मी आंघोळ करून गेलो. कारखान्याला यात एक माणूस आणि एक फोन लागला, आणि मैदान तर आधीच रिकामं पडलं होतं.

धागा सुरू करणारी

काका, हे मी बाबांना वाचून दाखवलं. उमरेड-वणीच्या कोळशाच्या गाड्यांवरचं अजून कोणी लिहिलेलं नाही. तिकडच्यांनी लिहा. काट्यावर किती वेळ जातो, तेही सांगा.