निन्जा १०००एसएक्स : डबलसीट आणि सामान असताना मागचा प्रीलोड (स्प्रिंगचा आगाऊ ताण) किती कसायचा?

नमस्कार मंडळी. मी कासारवडवलीला राहतो, गाडी मार्चमध्ये सेकंडहँड घेतली. इंजिनाबद्दल तक्रार शून्य. १०४३ सीसी, चार सिलिंडर, १११ न्यूटन मीटर टॉर्क. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये त्यातलं अर्धंही वापरता येत नाही, ते सोडा. एकटा असलो की वळणांतही झकास चालते.

गेल्या रविवारी पहिल्यांदाच बायकोला घेऊन, दोन्ही पॅनिअर (बाजूच्या पेट्या) भरून, मुरबाडमार्गे माळशेजला गेलो. घाटात गाडी वळणात आत झुकायलाच तयार नाही, बाहेर ओढली जाते. उंचवटा आला की मागून दोन-तीन हेलकावे. परतताना अंधार पडला, तर समोरचा प्रत्येक जण मला डिपर मारतोय, आणि माझा हेडलाइट लो-बीमवरच! सासऱ्यांनी ऐकून एका वाक्यात निकाल दिला : "मागं ओझं झालं, गाडी उलाळ झाली."

घरी मोजलं. मागचं चाक हवेत असताना एक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंतचं अंतर घेतलं, मग वजन टाकून पुन्हा. मी एकटा (८२ किलो) बसल्यावर ३४ मिमी खाली बसते. दोघं आणि २२ किलो सामान, तर ५७. प्रीलोडचा नॉब अगदी सैल होता, अर्धा कसल्यावर ४९ झालं.

आता प्रश्न. नॉब पूर्ण कसला तर स्प्रिंग कडक होते, की गाडी फक्त मागून उचलली जाते? रिबाउंडच्या (दबलेली स्प्रिंग परत उसळण्याचा वेग आवरणाऱ्या) स्क्रूला हात लावू का? एक मित्र म्हणतो सरळ दुसरा शॉकअप बसव. तेवढे पैसे आत्ता नाहीत.

प्रतिसाद :
दादा, शॉकअपचा विचार सध्या सोडा. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडीची मागची उंची तेवढी परत मिळते. तुम्हाला तीच हवी आहे. मागून बसली की पुढचा फोर्क जास्त तिरपा होतो, म्हणून वळायला आळस आणि हेडलाइट आभाळात. ४० मिमीच्या आसपास येईपर्यंत नॉब कसा. हेलकावे मात्र रिबाउंडचं काम. स्क्रू पूर्ण आत नेऊन किती फेरे लागले ते आधी लिहून ठेवा, मग मूळ जागेपासून पाव फेरा घट्ट करून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. जड सामान टँकबॅगमध्ये घ्या. आणि टायरमध्ये हवा किती आहे? ते लिहिलंच नाही.

धागाकर्ता :
आत्ता गार टायरवर बघितली. पुढे ३४ पीएसआय, मागे ३१. मागे ४२ हवी ना? पंक्चरवाल्याने "पावसात कमीच बरी" म्हणून काढली होती, मी मान डोलावली होती. शनिवारी आधी हवा, मग नॉब. निकाल मागच्या सीटवरून येईल, तो इथे लिहितो.