ग्रंथालयाच्या सर्व्हरसाठी सिस्टमडी ठेवावे की काढावे? विश्वासार्हता पारखायची कशी?

नारायणपेठ_वाचक

नमस्कार. पुण्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाचे संगणक मी पाहतो. सभासदांच्या नोंदी आणि पुस्तकांची देवघेव हे सगळे डेबियन ही लिनक्स प्रणाली असलेल्या एकाच सर्व्हरवर चालते. मागच्या गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि यूपीएसही संपला. वीज परत आल्यावर सर्व्हर सुरू होताना पडद्यावर लाल तारका इकडून तिकडे सरकत राहिल्या, शेजारी सेकंद मोजले जात होते, आणि दीड मिनिट भरताच यंत्र पुढे जाण्याऐवजी रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड मागू लागले. त्या दिवशी सगळी देवघेव वहीवर करावी लागली.

कार्यकारिणीतील एका सदस्यांचे म्हणणे असे की सिस्टमडी (यंत्र सुरू होताना सगळ्या सेवा, म्हणजे मागे सतत चालणारे प्रोग्राम, उभे करणारे आणि सांभाळणारे सॉफ्टवेअर) लाखो ओळींचे आहे, एवढ्या अवजड गोष्टीवर विसंबू नये आणि ते नसलेले, डेबियनपासूनच बनलेले डेव्हुआन घ्यावे. मी प्रोग्रामर नाही. अशा मूलभूत घटकाची विश्वासार्हता माझ्यासारख्याने कशी ठरवावी?

मुठाकाठ

तुमचा बिघाड बहुधा वेगळाच आहे. एफएसटॅब (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) फाइलमध्ये नोंद असलेली एखादी डिस्क जोडलेली नसेल, तर सिस्टमडी तिची ९० सेकंद वाट पाहते आणि मग आणीबाणीच्या अवस्थेत जाते. ती ओळ तपासा. डिस्क अनिवार्य नसेल तर त्या ओळीत 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) हा पर्याय घाला.

कर्वेरोड_प्रशासक

वरील निदान मला पटते, पण मूळ प्रश्नही महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

संपूर्ण प्रकल्पाच्या ओळी मोजून फारसे काही हाती लागत नाही. पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसमध्ये (यंत्र सुरू होताना कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सर्वात आधी सुरू करतो तो प्रोग्राम; इथे सिस्टमडी) नेमके काय चालते, हे आधी पाहावे, कारण ती कोसळली तर लिनक्स कर्नलच थांबते. उलट नोंदी ठेवणारे जर्नलडी किंवा उपकरणे ओळखणारे यूडेव्ह या वेगळ्या प्रोसेस आहेत आणि त्या पडल्या तरी पुन्हा उभ्या करता येतात. त्यानंतर पाहायचे ते हे, की या नाजूक जागी बाहेरून कोण काय पाठवू शकतो. २०१६ मध्ये असे उघड झाले की कोणताही साधा वापरकर्ता सिस्टमडीच्या सूचना-सॉकेटवर (सेवांचे निरोप घेण्याच्या जागी) एक रिकामा संदेश पाठवून पहिली प्रोसेस निकामी करू शकत होता, आणि मग ना सेवा सुरू होत ना बंद होत. चूक अगदी छोटी होती, पण ज्या जागी होती तिथे ती सगळ्या यंत्राला भोवली.

दुसरे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. ओपनएसएसएच (दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याचा प्रोग्राम) याच्या मूळ कोडमध्ये सिस्टमडीचा संबंध नव्हता. 'सेवा तयार आहे' एवढा छोटासा निरोप देता यावा म्हणून डेबियन आणि फेडोरा यांनी त्याला सिस्टमडीची लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) जोडली, आणि तिच्यामागोमाग एक्सझेड ही फाइलचा आकार लहान करणारी लायब्ररीही आत आली. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट पेरली होती. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा छडा आंद्रेस फ्रॉइंड यांनी चिकाटीने लावला, म्हणून २०२४ च्या मार्चमध्ये ती सापडली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती पोहोचली नव्हती, हे आपल्या सर्वांचे भाग्य. तेव्हा एखादा घटक आपल्याबरोबर आणखी कोणाला घेऊन येतो, हे पाहणे ओळी मोजण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे.

शनिवारवाडा_शेल

डेव्हुआन मी स्वतः वापरतो आणि समाधानी आहे, तरीही तुम्हाला घाईने बदल करू नका असेच सांगेन. सिस्टमडीच्या आधीच्या जुन्या पद्धतीत गुंतागुंत नाहीशी होत नाही, ती प्रत्येक सेवेच्या शेल स्क्रिप्टमध्ये (सेवा चालू-बंद करणाऱ्या आज्ञांच्या फाइलमध्ये) जाऊन बसते. सेवा मध्येच कोसळली तरी तिच्या प्रोसेसचा क्रमांक लिहिलेली फाइल मागे उरते, तोच क्रमांक पुढे दुसऱ्या प्रोसेसला मिळतो, आणि स्क्रिप्टला सेवा चालू असल्याचा भास होतो. सिस्टमडी सेवेच्या सगळ्या प्रोसेस कर्नलच्या सीग्रुपमध्ये, म्हणजे एका गटात, बांधून ठेवते, त्यामुळे असा घोळ होत नाही. ज्या पद्धतीतला बिघाड तुम्हाला रात्री एकट्याने शोधता येईल, ती तुमच्यासाठी योग्य.

कर्वेरोड_प्रशासक

सहमत. शिवाय सर्व्हरची प्रत एखाद्या आभासी यंत्रावर (संगणकातच चालणाऱ्या दुसऱ्या संगणकावर) घेऊन तिथे मुद्दाम बिघाड करून पाहा. डिस्क काढा, डेटाबेसची प्रोसेस मारा, वीज तोडल्यासारखे यंत्र बंद करा आणि दर वेळी ते कसे सावरते ते वहीत लिहा. ही वही कार्यकारिणीपुढे ठेवता येईल.

नारायणपेठ_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. बॅकअपची यूएसबी डिस्क सुरक्षिततेसाठी चिटणीसांनी घरी नेली होती आणि एफएसटॅबमधली तिची ओळ तशीच राहिली होती. 'नोफेल' घालून आज ग्रंथालय बंद झाल्यावर सर्व्हर तीनदा डिस्कविना सुरू केला. तिन्ही वेळा देवघेवीचा पडदा नीट उघडला. डेबियन आहे तसेच ठेवत आहोत. प्रतीवरची चाचणी रविवारी करेन आणि निकाल इथेच लिहीन.