बाबांच्या फाईलवर लाल स्टिकर अन् बोर्डावर नाव, डायलिसिस सेंटरला असं करता येते का?

खारपाणपट्टा
नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितो पण वाचून घ्या. बाबा 61 वर्षांचे, आम्ही संग्रामपूर तालुक्यातले, इकडे किडनीचे पेशंट किती हायेत ते इकडच्या लोकायले सांगाची गरज नाही. दीड वर्षापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस, फुले योजनेतून होते, पहाटेच्या एस्टीनं मीच घेऊन जातो. मागच्या महिन्यात व्हायरल मार्कर (हेपॅटायटिससारख्या विषाणूंच्या रक्ताच्या टेस्ट) केले त्यात हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आला. आधीचा निगेटिव्ह होता, मग लागला कुठून हा प्रश्न हायेच पण तो वेगळा.

मले राग याचा आहे की हॉलच्या दाराशी पांढऱ्या बोर्डावर सगळ्यांची नावं अन् मशीन नंबर असतात, तिथं बाबांच्या नावापुढं लाल पेनानं 'बी +' लिहिलं. एका नातेवाइकानं विचारलं का हा ब्लड ग्रुप का, तर तिथल्याच माणसानं सांगितलं, नाही हो, कावीळवाले हायेत. वरून सिस्टर दारातून ओरडल्या, "ते पॉझिटिव्ह आजोबा मागच्या मशीनवर घ्या." त्याच शिफ्टला आमच्या बाजूच्या गावचे दोघं जण असतात. संध्याकाळपर्यंत गावात पोचलं. आता टपरीवर बाबांले चहा डिस्पोजल कपात देतात, बाकी सगळ्यायले काचेच्या ग्लासात. गेल्या गुरुवारी बाबा गेलेच नाही, म्हणे मले जायचंच नाही तिथं. रविवारपर्यंत पाय सुजले, रात्री आडवं होता येईना, बसूनच श्वास घेत होते.

वेगळं मशीन खरंच लागते का, अन् लागत असंल तर सगळ्यायले सांगत सुटणंही लागते का?

टेक्निशियन, अकोला
दादा आधी एक, डायलिसिस चुकवू देऊ नका. पाणी फुप्फुसात जातं, पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं, हेपॅटायटिसपेक्षा तो धोका आजचा आहे.

वेगळं मशीन लागतंच, यात सेंटरचं चुकलं नाही. बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा पृष्ठभागावर किमान 7 दिवस टिकतो, रक्ताचा डाग डोळ्याला दिसत नसला तरी. म्हणून बी पॉझिटिव्हला वेगळी खोली, ती नसेल तर कोपरा, मशीन वेगळं, बीपीचा पट्टा, चिमटे, टेप सगळं वेगळं, त्यांचा डायलायझर (मशीनचा रक्त गाळणारा फिल्टर) धुऊन परत वापरायचा नाही आणि त्या शिफ्टला त्यांना बघणाऱ्यानं लस न झालेल्या पेशंटला हात लावायचा नाही. हे सगळं करायला स्टाफला माहीत पाहिजे. बोर्डाला माहीत असायची काही गरज नाही. आमच्याकडे मशीनला नंबर आहे, कोणत्या नंबरवर कोण बसतं ते आम्हाला ठाऊक असतं, बोर्डावर फक्त बेड नंबर. मार्करचा रिपोर्ट फाईलच्या आत.

आणि घरात आई, तुम्ही, मुलं सगळ्यांची एचबीएसएजी (हेपॅटायटिस बी ची रक्ताची) टेस्ट करून लस घ्या. एका ताटात जेवून, चहाच्या कपातून हे लागत नाही. दाढीचं ब्लेड, ब्रश, नेलकटर मात्र त्यांचं वेगळंच ठेवा.

डावा हात फिस्टुला
मी स्वतः पेशंट हावो, सहा वर्षं झाली. राग नका मानू भाऊ पण माह्या बाजूच्या बेडवर कोण हाये हे मले समजाले पाह्यजे का नाही? सुई माह्या हातात टोचते, रक्त माहं मशीनमधून फिरते. मले काही झालं तर माह्या लेकरायले कोन पाहीन? बोर्डावर लिवलं तर निदान आमी सावध राहतो. तुमच्या बाबांले कमीपना यावा असं मले वाटत नाही, पन भेव वाटते ते खरं सांगतो.

टेक्निशियन, अकोला
भीती बरोबर आहे तुमची, पण त्या बोर्डानं तुम्ही वाचत नाही, उलट फसता. विषाणू अंगात गेल्यावर मार्कर पॉझिटिव्ह यायला काही आठवडे लागतात. तोवर त्याच्या नावापुढं काहीच नसतं आणि सगळे त्याला साफ समजतात. खुद्द यांचे बाबा बघा ना, रिपोर्ट यायच्या आधी कुठल्या मशीनवर होते? साध्याच ना?

तुम्हाला बघायचंच असेल तर बोर्ड नका बघू, माझ्यासारख्याचे हात बघा. दुसऱ्या बेडवरून तुमच्याकडे येताना हातमोजे बदलले का, मधे हात धुतले का, आधीचा पेशंट उठल्यावर खुर्ची आणि मशीनचं पॅनेल हायपोक्लोराइटनं (ब्लीचच्या पाण्यानं) पुसलं का, हेपरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) बाटली ट्रेमधे घालून बेडोबेड फिरवतात का (फिरवत असतील तर तिथेच बोला, औषध बाजूला स्वच्छ टेबलावर भरून आणायचं असतं), प्रेशरच्या नळीवरचं ते छोटं गोल फिल्टर दर पेशंटला नवं लावलं का. सकाळची शिफ्ट संपून दुपारची बसवायची घाई असते, घोळ तिथे होतो, हे मी आतला माणूस म्हणून सांगतोय.

आणि लस. डायलिसिसवाल्यांना डबल डोस लागतो, 40 मायक्रोग्रॅमचा, बहुतेक ठिकाणी 0, 1, 2 आणि 6 महिन्यांनी. मग महिना-दोन महिन्यांनी टायटर (लसीनं रक्तात किती अँटीबॉडी तयार झाल्या तो आकडा) बघायचा, 10 च्या वर पाहिजे, आणि दरवर्षी परत बघायचा कारण आपल्या पेशंटमधे तो उतरतो. तुमचा टायटर किती आहे दादा?

डावा हात फिस्टुला
लस घेतली होती सुरवातीले. टायटर कोनी केलाच नाही.

वाशीमची ताई
माझ्या मिस्टरांना डायलिसिसवर हेपॅटायटिस सी लागला होता. तेव्हा आम्हालाही असंच कोपऱ्यात टाकलं, खरं तर अमेरिकेतल्या सीडीसीच्या नियमात सी आणि एचआयव्हीसाठी वेगळं मशीन सांगितलेलंच नाही, काळजी नीट घेतली तर, पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सी ला वेगळं ठेवतात. असो. सांगायचं हे की सी बरा होतो. 2018 पासून सरकारचा व्हायरल हेपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे त्यात गोळ्या फुकट मिळाल्या, 12 आठवडे घेतल्या, व्हायरस गेला. पण अँटीबॉडीची टेस्ट नंतरही पॉझिटिव्हच येत राहते, त्यामुळे फाईलवरचं स्टिकर काही निघेना, मी आरएनए रिपोर्टची (व्हायरस अंगात उरला आहे का ते दाखवणाऱ्या टेस्टची) झेरॉक्स घेऊन चार चकरा मारल्या तेव्हा निघालं. बी चं तसं नाही, तो अंगात कायमचा मुरला तर सहसा पूर्ण जात नाही पण गोळ्यांनी दबून राहतो, त्याच कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात विचारा.

कायद्याचं म्हणाल तर एचआयव्हीसाठी 2017 चा स्वतंत्र कायदा आहे, काही ठरावीक अपवाद सोडले तर संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही. हेपॅटायटिसला तसा वेगळा नाही, पण डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत पेशंटची गोष्ट बाहेर फोडू नये असं स्पष्ट आहे, अपवाद म्हणजे कोर्ट, नोंद करावी लागणारे आजार किंवा कुणाला खरोखर गंभीर धोका. टपरीवाल्याला कोणता धोका होता? भांडायला जाऊ नका, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तिथे आठवड्यातून दोनदा जायचंय आपल्याला.

एक मात्र ऐका, पडदा मागायचा असेल तर असा मागू नका की बाबांचा हात झाकला जाईल. मिस्टरांना लाज वाटायची म्हणून चादर अंगभर घ्यायचे, एकदा सुई निसटली आणि चादर ओली लागल्यावर कळलं. तोंड आणि फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचतात ती हातावरची जागा) स्टाफला दिसत राहिलाच पाहिजे.

खारपाणपट्टा
सगळ्यायचे आभार. काल गेलो होतो. अर्ज लिहून नेला होता, पण आधी इन्चार्ज सिस्टरांशी बाजूला बोललो. त्या म्हणाल्या आम्हाले वाटलं नाही कोणाले इतकं लागंल, घाईत चूक होऊ नये म्हणून लिहितो. मी म्हटलं नंबर लिहा न मग. बोर्ड पुसला, आता नुसते बेड नंबर हायेत. स्टिकर फाईलच्या आतल्या पानावर गेलं. अर्जही दिला, पोच घेतली, बाबांले इथंच लागला का याची चौकशी करा हेही त्यात लिहिलं.

मशीन मागचंच आहे, ते बाबांले समजावून सांगितलं तर म्हणाले हो, ते ठीक हाये, लोकायले लागू नये. चार तास बसले. आईची अन् माही टेस्ट निगेटिव्ह आली, पहिला डोस झाला. टपरीवर काय करावं ते अजून सुचलं नाही.

डावा हात फिस्टुला
टायटर केला भाऊ. 4 आला. बूस्टर लावून देतो म्हणे. तुमच्या बाबांले माहा नमस्कार सांगजा.