वकिलीच्या ॲडमिशनचे किस्से येऊ द्या

मुहूर्त_टळला:
माळा आवरताना २०१६चं गॅप ॲफिडेव्हिट सापडलं. "बीकॉमनंतर १९ वर्षे कुठेही प्रवेश घेतलेला नाही", खाली माझी वाकडी सही. राज्यात लॉ सीईटीचं ते पहिलंच वर्ष. परीक्षेला गेले तर वॉचमन म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबा." त्यात सप्टेंबरात बार कौन्सिलनं (वकिलांची देशपातळीवरची संस्था) तीन वर्षांच्या कोर्सला तिशीची वयोमर्यादा परत आणली. मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं स्थगिती देईपर्यंत पोटात गोळा. तुम्ही कॉलेज कसं निवडलंत?

ढापणी:
पालकांनी बाहेर थांबा!! मेले हसून

कुकर_लावलाय:
आमच्या कन्येचं सांगते. क्लॅटमध्ये (राष्ट्रीय लॉ युनिव्हर्सिट्यांची प्रवेश परीक्षा) चुकलं की पाव मार्क जातो, सीईटीत काहीच कापत नाहीत. तरी बाईसाहेब सीईटीत ९ प्रश्न कोरे सोडून आल्या. का? "खात्री नव्हती." आता हिला वकील करायचं. शिट्टी झाली, नंतर येते

बिनकोटाचा:
कॉलेजांची पसंती भरायच्या ऑप्शन फॉर्मात मी दोनच नावं टाकली, मुंबईचं जीएलसी (गव्हर्नमेंट लॉ कॉलेज) आणि पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज. एक १८५५चं, दुसरं १९२४चं, आणि आपले मार्क बेताचे. पहिल्या फेरीत भोपळा. मग कोर्टाच्या पाठीमागचं, कधी नाव न ऐकलेलं सकाळचं कॉलेज मिळालं. सर ७ला शिकवायचे नि ११ला त्याच कोर्टात उभे राहायचे, आम्ही मागच्या बाकावर बसून बघायचो. इमारत बघू नका, सर काळा कोट घालून येतात का बघा. लायब्ररी मात्र भयाण होती, एकाच एव्हिडन्स ॲक्टवर चाळीस जणांचा डोळा.

ढापणी:
@बिनकोटाचा आणि आयडी असा का मग?

बिनकोटाचा:
बँकेत लागलो ना. वकिलीची सनद घेतलीच नाही. बायको अजून ऐकवते.

धावती_भेट:
ज्यांचं यंदा आहे त्यांनी नॉन क्रिमीलेअर दाखल्याची तारीख बघा. ३१ मार्चला संपतं. आमचं संपलेलं, डॉक्युमेंट तपासताना कळलं. तहसीलला चार खेपा. बाकी सावकाश लिहिते

कुकर_लावलाय:
आले. भात करपला. @मुहूर्त_टळला ताई, मग सनद घेतलीत का?

मुहूर्त_टळला:
घेतली गं. बार एक्झामलाही तेच, "मॅडम, सुपरव्हायझर तिकडच्या दाराने."