कंडोम फाटला, चौथ्या दिवशीची एचआयव्ही टेस्ट निगेटिव्ह, आता सुटलो का?

गोंधळलेला_पुणेकर: वय २७, लग्न नाही. २० दिवसांपूर्वी अॅपवर ओळख झालेल्या मुलीसोबत होतो, मधेच कंडोम फाटला आणि ते नंतर कळलं. चौथ्या दिवशी प्रायव्हेट लॅबमध्ये एचआयव्ही केली, निगेटिव्ह आली, तरी रात्री झोप नाही. फॅमिली डॉक्टर बाबांचा मित्र आहे त्यामुळे तिकडे जायचा प्रश्नच नाही. आता परत करू का झालं एवढं पुरे?

खिडकीपाशी: भावा चौथ्या दिवशीचा रिपोर्ट म्हणजे त्या रात्रीच्या आधीचा हिशोब, त्या रात्रीचं त्यात काहीच दिसत नाही. फोर्थ जनरेशन टेस्ट (अँटिजेन आणि अँटिबॉडी दोन्ही बघणारी) ४५ दिवसांनी कर, ती निगेटिव्ह आली की विषय संपला, नुसती अँटिबॉडीवाली रॅपिड असेल तर ३ महिने धर. पेपच्या गोळ्या (एचआयव्हीचा संसर्ग टाळायच्या) ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या असतात, ती वेळ गेली, पुढच्यासाठी लक्षात ठेव. आणि सगळे एचआयव्हीलाच घाबरतात, सिफिलिस या गुप्तरोगाची व्हीडीआरएल रक्ततपासणी कोणाला आठवतच नाही, तीही ६ आठवड्यांनी आणि परत ३ महिन्यांनी कर. हेपेटायटिस बीची लस घेतलीयेस का?

सातारी_ताई: सरकारी दवाखान्यातलं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्र गाठ. मी मागच्या वर्षी गेले होते, आधी बाहेरच्या बाकावर अर्धा तास नुसती बसून होते, आत जायचा धीरच होईना. आत काउन्सेलर मॅडमनी बसवून सगळं विचारलं, संमतीची सही घेतली, मग रक्त. पैसे शून्य, रिपोर्ट फक्त माझ्या हातात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुझ्या संमतीशिवाय टेस्टही करता येत नाही आणि कोणाला सांगताही येत नाही. आधी फोनवरच बोलायचं असेल तर एचआयव्ही हेल्पलाइन १०९७, फ्री आहे, मराठीत बोलतात.

कट्टेकरी: फुकट टेस्ट होते म्हणून रक्तदानाला जाऊ नकोस हां, आमच्या हॉस्टेलवर एकाने ही आयडिया काढली होती. सुरुवातीच्या दिवसांत टेस्टमध्ये येत नाही आणि ते रक्त दुसऱ्याला चढतं. आणि एसटी स्टँडच्या मुतारीतले ते गुप्तरोगाचे पोस्टरवाले, त्यांच्यापासून तर लांबच.

गोंधळलेला_पुणेकर: थँक्स सगळ्यांना. एक सांगायचं राहिलं (लाज वाटत होती), दोन दिवस लघवीला जरा जळजळ होतीये. मेडिकलमधून काहीतरी गोळी घेऊ का ४५ दिवस होईपर्यंत?

खिडकीपाशी: अरे हे आधी सांगायचं ना!! ४५ दिवस एचआयव्हीसाठी, जळजळीसाठी एक दिवस पण थांबू नको. गनोरिया किंवा क्लॅमिडियासारखा गुप्तरोग असू शकतो, साधं युरिन इन्फेक्शनही असेल, ते तपासल्याशिवाय कळत नाही. मनाने अँटिबायोटिक घेतलंस तर अर्धवट दबेल आणि टेस्टमध्येही गोंधळ. सरकारी हॉस्पिटलात त्वचा-गुप्तरोग ओपीडी किंवा सुरक्षा क्लिनिक (गुप्तरोगांचं सरकारी क्लिनिक) कुठे ते विचार, लक्षणं बघून गोळ्यांचं किट तिथेच फुकट देतात. काही निघालं तर त्या मुलीलाही कळव, आणि तोवर कोणाहीसोबत काही नको.

गोंधळलेला_पुणेकर: उद्या सकाळीच जातो. उपाशीपोटी जायचं का?

सातारी_ताई: नाही रे, पोहे खाऊन जा. लघवी मात्र तासभर आधीपासून धरून ठेव, सॅम्पल पहिल्या धारेचं लागतं.