शब्द दिला होता ना?

ब्रेक्झिटचं, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याबद्दलचं, सार्वमत कायद्याने फक्त सल्ल्यापुरतं होतं, खासदारांनी ते बाजूला ठेवायला हवं होतं, हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. कायद्यावर बोट ठेवलं तर बरोबर आहे. पण २०१६ मध्ये मतदानाआधी ब्रिटिश सरकारनेच घरोघरी पत्रक पाठवलं होतं: निर्णय तुमचा, तुम्ही ठरवाल ते सरकार अमलात आणेल. असा शब्द देऊन ‘बाहेर पडा’ म्हणणाऱ्या १ कोटी ७४ लाख लोकांचं मत फिरवायचं? मग पुढच्या वेळी लोकांनी मतदानाला जायचंच कशाला?

खरा घोळ प्रश्नातच होता. राहायचं की बाहेर पडायचं, एवढंच विचारलं. बाहेर पडायचं तर कसं, ब्रिटनकडचा उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातच राहणारा आयर्लंड यांच्यातल्या सीमेचं काय, याचा पत्ताच नाही. पुढे साडेतीन वर्षं संसदेत तेच निस्तरणं चाललं.

आपल्याकडचा गोव्याचा जनमत कौल आठवा, १६ जानेवारी १९६७. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश). ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही कळावं इतकं सरळ. फूल ३४,०२१ मतांनी हरलं. गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर पक्के विलीनीकरणवादी, तरी कौल निष्पक्ष व्हावा म्हणून त्यांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. मार्चच्या निवडणुकीत ते पुन्हा जिंकून मुख्यमंत्री झाले आणि ज्या संघप्रदेशाला त्यांचा विरोध होता, त्याचाच कारभार त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. मला त्यांचं हे वागणं फार मोठं वाटतं.